बिबट्याचे ठिपके, फ्लेमिंगोचे पाय आणि तारीख असलेला फोटो

ठाण्यात नाहीतर नवी मुंबईत राहणाऱ्या, हातात बरा कॅमेरा असलेल्या प्रत्येकाला कधीतरी हा प्रश्न विचारला जातोच, की तुम्ही एवढे पहाटे उठून ऐरोलीला जाता, येऊरला जाता, हजारो फोटो काढता, पण त्याचा त्या प्राण्यांना काय उपयोग? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं नीट उत्तर द्यायला हवं. एका सुंदर फोटोचा उपयोग असतो पण तो मर्यादित असतो, लोकांना तो प्राणी आवडायला लागतो, इथे असा प्राणी आहे हे कळतं, बस. पण तोच प्राणी, त्याच जागी, तारखेसकट, वर्षानुवर्षं टिपत राहिलं की त्यातून प्राणी किती आहेत, त्यातले किती जगतात, कुठून कुठे जातात, रस्ता कुठे ओलांडतात हे काढता येतं, आणि मग वनखात्याच्या टेबलावर किंवा कोर्टात त्या फोटोला पुरावा म्हणून वजन येतं. हे नक्की कसं घडतं ते आज सोपं करून सांगतो, कारण यामागचं गणित आणि मेहनत बऱ्याच जणांना माहीतच नसते.

सुरुवात आपल्या घरामागच्या बिबट्यापासून करू. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचीच ठाण्याकडची बाजू, एका अंगाला उपवन, वसंत विहार, घोडबंदर रोडचे टॉवर आणि दुसऱ्या अंगाला जंगल. साधारण १०४ चौरस किलोमीटरचं हे उद्यान, चहूबाजूंनी शहर, आणि आत बिबटे. आता बिबटे किती आहेत हे मोजायचं कसं? रात्री फिरणारा, माणसाची चाहूल लागली की झुडपात शिरणारा प्राणी आहे तो, त्याची शिरगणती कोण करणार. पूर्वी पायाच्या ठशांवरून मोजायचे, पण एकच ठसा चिखलात वेगळा उमटतो, वाळूत वेगळा, आणि कोणता ठसा कुणाचा हे मोजणाऱ्यावर अवलंबून, त्यामुळे त्या आकड्यांवर विश्वास ठेवणं कठीण होतं.

फोटोने हे बदललं. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके, खरं तर गुलाबाच्या पाकळ्यांसारखे वाटोळे झुबके, हे आपल्या बोटांच्या ठशांसारखे असतात, प्रत्येकाचे वेगळे आणि जन्मभर तेच. वाघाचे पट्टेही तसेच. हे लक्षात येऊन फार वर्षं झाली, १९२० च्या दशकात एफ. डब्ल्यू. चँपियन नावाचे वनअधिकारी उत्तरेकडच्या जंगलात तारेला पाय लागला की फ्लॅश उडेल अशी व्यवस्था करून वाघांचे रात्रीचे फोटो काढायचे, आणि पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं. पण फोटोवरून नीट संख्या काढायची पद्धत आपल्याकडे रुजवली ती वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथ यांनी, १९९० च्या दशकात कर्नाटकातल्या नागरहोळेच्या जंगलात.

आता कॅमेरा ट्रॅप म्हणजे काय ते. झाडाच्या बुंध्याला साधारण माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर बांधलेला एक डबा, त्यात कॅमेरा आणि उष्णता ओळखणारा सेन्सर, गरम अंगाचं काही समोरून हललं की फोटो निघतो. ट्रॅप शब्दावरून लोकांना वाटतं प्राणी अडकवतात, तसं काही नाही, प्राणी चालत चालत निघून जातो. आणि एका जागी एक कॅमेरा लावून भागत नाही, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन लावावे लागतात, कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगळे असतात. एका महिन्यात डावी कूस मिळाली आणि पुढच्या महिन्यात उजवी, तर तो एकच बिबट्या की दोन हे सांगताच येणार नाही. म्हणून दोन्ही कुशी एकाच वेळी.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे काम अजून अवघड होतं. मे महिन्यात दुपारची हवाच जवळजवळ प्राण्याच्या अंगाइतकी गरम झाली की सेन्सरला फरक कळत नाही आणि समोरून प्राणी गेला तरी फोटो निघत नाही, उलट वाऱ्याने तापलेलं गवत हललं तरी कार्ड भरून जातं. त्यात पाऊस, मुंग्या, माकडं, आणि कॅमेरे चोरीला जाणं हे वेगळंच.

आता गणित. घाबरू नका, भागाकार येत असेल तर पुरे. समजा पहिल्या फेरीत कॅमेऱ्यात २० वेगवेगळे बिबटे आले. काही दिवसांनी दुसरी फेरी केली, परत २० आले, पण ठिपके जुळवल्यावर कळलं की त्यातले १० आधीच्या फेरीतलेच आहेत. म्हणजे दुसऱ्यांदा दिसलेल्यांतले निम्मे ओळखीचे निघाले. याचा अर्थ पहिल्या फेरीत आपल्याला एकूणातले साधारण निम्मेच सापडले होते, म्हणून एकूण असतील ४० च्या आसपास. हे आकडे मी फक्त समजावायला घेतले, खऱ्या कामात दोनऐवजी अनेक फेऱ्या असतात आणि कोणता बिबट्या कोणत्या कॅमेऱ्यावर किती वेळा आला हेही मोजतात, पण गाभा हाच. न दिसलेल्या प्राण्यांचा अंदाज दिसलेल्यांच्या पुन्हा दिसण्यावरून लावायचा. मला ही कल्पना आजही फार आवडते, सगळे सापडले असा दावाच करायचा नाही, आपल्याला किती सापडत नाहीत हेच आधी प्रामाणिकपणे मोजायचं.

या पद्धतीने संजय गांधी उद्यान आणि आजूबाजूच्या भागात २०१५ च्या अभ्यासात ३५ बिबटे मोजले गेले, २०१८ च्या अभ्यासात ४७. इथे लगेच "बिबटे वाढले, आता शहरात घुसणार" असे मेसेज फिरतात आणि तिथेच मला थांबवावंसं वाटतं. कॅमेरे किती भागात लावले, किती दिवस लावले, यावर आकडा हलतो, आणि दोन वर्षांचे दोन आकडे म्हणजे दोन बिंदू, त्यातून रेघ ओढायची घाई करू नये. रेघ ओढायला वर्षं लागतात.

वर्षं का लागतात, तर नागरहोळेचंच उदाहरण घ्या, मला वाटतं या सगळ्या विषयातलं हे सगळ्यात महत्त्वाचं उदाहरण आहे. १९९१ ते २००० अशी नऊ वर्षं तिथे कॅमेरा ट्रॅप लावत राहिले आणि एकूण ७४ वाघ पट्ट्यांवरून ओळखले गेले. २००६ मध्ये त्याचं विश्लेषण छापून आलं. त्यातून निघालं की एका वर्षी असलेला वाघ पुढच्या वर्षी तिथे असण्याची शक्यता १०० पैकी ७७ च्या आसपास, म्हणजे दरवर्षी जवळजवळ २३ टक्के वाघ मरतात किंवा जागा सोडून जातात. ऐकून धक्का बसतो ना? पण तरीही तिथली वाघांची संख्या कोसळली नाही, वर्षागणिक वरखाली होत राहिली पण टिकली, कारण शिकार भरपूर होती, पिल्लं होत होती, नवीन वाघ येत होते. आता विचार करा, ही माहिती नसती आणि कुणी एका वर्षात पाच-सहा ओळखीचे वाघ गायब झालेले बघितले असते तर हाहाकार उडाला असता. आणि उलटही तितकंच खरं, की कुठल्या जंगलात हरणं कमी झाली, पिल्लं जगेनाशी झाली, तर जुने वाघ फोटोत येत राहतात म्हणून सगळं ठीक वाटतं आणि पाच वर्षांनी अचानक कळतं की तरुण वाघच नाहीत. हे फक्त लांबलचक, न कंटाळता चालवलेल्या कामातूनच कळतं. एक वर्ष पैसे मिळाले म्हणून कॅमेरे लावले आणि पुढच्या वर्षी बंद केले तर नाही कळत.

देशपातळीवर हे केवढं मोठं झालंय त्याची कल्पना यावी म्हणून एकच आकडा देतो. २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यातून ३ कोटी ४८ लाखांपेक्षा जास्त फोटो आले, त्यात वाघांचे होते ७६,६५१. बाकी सगळं हरणं, डुकरं, गाई, माणसं आणि हललेलं गवत. एवढे फोटो माणसाने बघायचे म्हटलं तर जन्म जाईल, म्हणून आधी सॉफ्टवेअर प्राणी वेगळे करतं, मग पट्टे जुळवणारं दुसरं सॉफ्टवेअर जवळचे नमुने पुढे करतं, आणि शेवटचा निर्णय माणूस घेतो. त्यातून पिल्लं सोडून २,४६१ वेगवेगळे वाघ प्रत्यक्ष फोटोत ओळखले गेले आणि एकूण अंदाज आला २,९६७. म्हणजे अंदाजातल्या १०० पैकी ८३ वाघांचा फोटो हातात आहे.

आणि या फोटोसंग्रहाचा एक उपयोग तर माझ्या फार जवळचा आहे. वाघाची कातडी कुठे पकडली गेली की तिचे पट्टे संग्रहातल्या फोटोंशी ताडून बघता येतात आणि हा वाघ कोणत्या जंगलातला होता ते शोधता येतं. कातडी बिचारी बोलू शकत नाही पण सात-आठ वर्षांपूर्वी कुणीतरी त्या वाघाचा नीट, तारखेसकट फोटो ठेवलेला असतो आणि तो सांगतो की शिकार कुठे झाली, टोळी कुठे काम करते.

अर्थात माणूस चुकतो. हिमबिबट्यावर २०२० मध्ये एक अभ्यास छापून आला, प्राणिसंग्रहालयातल्या हिमबिबट्यांचे फोटो, म्हणजे कोणता कोण हे आधीच पक्कं माहीत असलेले फोटो, लोकांना ओळखायला दिले. १२ टक्क्यांच्या आसपास चुका झाल्या, आणि त्यातली मोठी चूक म्हणजे एकाच प्राण्याला दोन समजणं. एवढ्याशा चुकीने एकूण संख्या साधारण एक तृतीयांशाने फुगली. म्हणून चांगल्या प्रकल्पात दोन वेगळी माणसं स्वतंत्रपणे फोटो जुळवतात आणि अस्पष्ट फोटो निर्दयपणे बाजूला काढतात, कितीही सुंदर असला तरी. हलका धुरकट, पण कुशीवरचे ठिपके नीट दिसणारा फोटो चालेल, चेहऱ्याचा अप्रतिम क्लोजअप या कामाला चालत नाही.

पाण्यातही हीच पद्धत चालते. आपल्या शेजारी गुजरातच्या किनाऱ्याला येणारा देवमासा शार्क, ज्याला व्हेल शार्क म्हणतात, त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि कल्ल्यांमागच्या ठिपक्यांवरून एकेक मासा ओळखतात. ते जुळवायला जे गणित वापरलं ते मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवायला बनवलं होतं, २००५ मध्ये ते शार्कवर लावलं गेलं. मला हे वाचल्यावर किती आनंद झाला होता काय सांगू! याच माशाची गुजरातमध्ये होणारी शिकार २००० साली माहितीपट बनवणारे माईक पांडे यांनी पडद्यावर दाखवली आणि २००१ मध्ये भारतात त्याला वाघाइतकंच कडक कायद्याचं संरक्षण मिळालं. तेव्हा कॅमेऱ्याची दोन्ही कामं असतात, हलवून जागं करणं आणि मोजणं, फक्त पहिलं काम एका फोटोत होऊ शकतं, दुसरं नाही.

आता खाडीकडे येऊ, कारण इथे गोष्ट अवघड होते. फ्लेमिंगोला ना पट्टे ना ठिपके. ठाण्याच्या खाडीत १९९० च्या दशकापासून हे पक्षी मोठ्या संख्येने येताहेत, साधारण नोव्हेंबर ते मे, त्यात दोन जाती, छोटा फ्लेमिंगो म्हणजे लेसर, ज्याची चोच गडद लालसर असते, आणि मोठा म्हणजे ग्रेटर, ज्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. २०१५ मध्ये खाडीचा एक भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ६,५२१ हेक्टर. पण हजारो गुलाबी पक्ष्यांच्या थव्यात हा कालचा की आजचा, कसं ओळखणार?

तर पायांवरून. बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, शास्त्रज्ञ काही पक्षी पकडून त्यांच्या पायात धातूचं कडं आणि लांबून वाचता येईल असा कोड असलेला रंगीत प्लास्टिकचा पट्टा घालून सोडतात, आणि २०२२ मध्ये तर सहा फ्लेमिंगोंच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवले, त्यातल्या एकाचं नाव हुमायून, एकाचं सलीम, एकाचं तर चक्क नवी मुंबई. टॅग महाग असतात, सहाच पक्ष्यांना लावता आले. पण पायातलं कडं वाचायला शास्त्रज्ञ लागत नाही, ऐरोलीच्या बोटीत बसलेल्या तुमच्याआमच्यासारख्या माणसाच्या टेली लेन्सला ते दिसतं. म्हणून माझी सगळ्या मित्रमंडळींना हात जोडून विनंती असते, की उडतानाचे पंख, सूर्यास्त, सगळं काढा, पण उभ्या थव्याचे पायांसकट चारदोन फोटो नक्की काढा आणि घरी येऊन झूम करून प्रत्येक पाय बघा. एक कोड वाचता आला तरी एका पक्ष्याचं वय, प्रवास आणि तो जिवंत असल्याचा पुरावा एकदम मिळतो.

दुसरी गोष्ट राखाडी पक्ष्यांची. फ्लेमिंगोचं पिल्लू गुलाबी नसतं, राखाडी-तपकिरी असतं आणि पूर्ण रंग यायला दोन-तीन वर्षं जातात. फोटोग्राफर हे राखाडी पक्षी फ्रेममधून टाळतात, गुलाबीच हवे असतात सगळ्यांना. पण थव्यात १०० मागे किती राखाडी आहेत यावरून आधीच्या हंगामात कच्छच्या रणात आणि इतरत्र पिल्लं किती जगली याचा अंदाज येतो. ऐरोलीत उभं राहून कच्छच्या रणात काय झालं ते कळतं, म्हणून त्या राखाडी पक्ष्यांना फ्रेममधून कापू नका.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात गरजेची वाटते, ती म्हणजे पक्षी नव्हे, जागेचा फोटो. एकाच ठिकाणी उभं राहून, एकाच दिशेला, मागे एखादी न बदलणारी खूण धरून, म्हणजे एखादा टॉवर, पूल, विजेचा खांब, दरवर्षी त्याच महिन्यात रुंद फ्रेम घ्यायची. त्यात खारफुटी कुठे आली, भराव कुठे पडला, पाण्याची वाट कुठे बुजली ते आपोआप नोंदलं जातं. यात एक मोठी मेख आहे, भरती-ओहोटी. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडतो तेव्हा फ्लेमिंगो तिथे खात असतात, भरती आली की तो चिखल बुडतो आणि थवे उठून नवी मुंबईच्या बाजूच्या पाणथळींवर येऊन बसतात, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागे, टी. एस. चाणक्य या संस्थेजवळ, नेरूळच्या तलावात. म्हणजे भरतीला खाडीत शून्य पक्षी दिसले म्हणून पक्षी गेले असं होत नाही, आणि ओहोटीला तलाव रिकामा दिसला म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. जो कुणी "इथे पक्षी येतच नाहीत" असं म्हणत फोटो दाखवतो त्याला आधी विचारा, फोटो किती वाजताचा आहे आणि त्या दिवशी भरती किती वाजता होती.

भरतीच्या वेळी बसायच्या या जागा किती महत्त्वाच्या आहेत ते २०२४ मध्ये सगळ्यांनी बघितलं. नेरूळच्या तलावात खाडीचं पाणी यायची वाट अडली, पाणी आटलं, सडलं, आणि त्या उन्हाळ्यात तिथे फ्लेमिंगो मेले, त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, घाटकोपरजवळ विमानाची धडक बसून जवळजवळ ४० फ्लेमिंगो एका रात्रीत गेले. नेरूळच्या रहिवाशांनी फोटो, व्हिडिओ, तक्रारी असं सगळं लावून धरलं आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. अशा वेळी "आधी इथे पाणी होतं" हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, आधीच्या वर्षांचे तारखेसकट फोटो ठेवले की ऐकावं लागतं.

रस्त्यांचंही असंच. नागपूरकडे पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर प्राण्यांना खालून जायला नऊ पूल आणि भुयारी वाटा बांधल्या. बांधताना बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की वाघ कशाला काँक्रिटच्या खालून जाईल. २०१९ मध्ये तिथे महिनोन्महिने कॅमेरा ट्रॅप लावून बघितलं तर १८ जातींचे वन्यप्राणी त्या वाटा वापरताना सापडले आणि त्यात ११ वेगवेगळे वाघ, पट्ट्यांवरून ओळखलेले. वाद तिथे संपला. अमेरिकेत लॉस एंजेलिसला पी-२२ नावाचा एक प्यूमा, म्हणजे तिकडचं मोठं रानमांजर, दोन अजस्र हायवे ओलांडून शहरातल्या पार्कात येऊन राहिला, फोटोग्राफर स्टीव्ह विंटर यांनी जवळजवळ सव्वा वर्ष कॅमेरा लावून हॉलिवूडच्या पाटीखाली त्याचा फोटो मिळवला, २०१३ मध्ये तो छापून आला, लोक त्या प्राण्यासाठी उभे राहिले आणि २०२२ मध्ये तिथे हायवेवरून प्राण्यांसाठी पूल बांधायला सुरुवात झाली. त्याच वर्षाच्या शेवटी पी-२२ गेला.

हे मी का सांगतोय ते घोडबंदर रोडवरून रोज जाणाऱ्याला लगेच कळेल. तो रस्ता उद्यानाचा मुख्य भाग आणि खाडीकडचा नागला भाग यांच्या मधून जातो, आणि त्यापलीकडे वसई खाडी ओलांडली की तुंगारेश्वरचं जंगल. २००९ मध्ये आजोबा नावाचा बिबट्या, गळ्यात जीपीएस कॉलर असलेला, माळशेजला सोडल्यावर १२० किलोमीटरच्या वर चालत या आपल्या जंगलात आला होता, बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातला तो बिबट्या, आणि २०११ मध्ये तो गाडीच्या धडकेत मेला. चालून येणारा प्राणी नकाशावरच्या हद्दी बघत नाही, पाणी आणि आडोसा बघतो. मग घोडबंदरवर प्राण्यांसाठी वाट नक्की कुठे द्यायची हे ठरवायला कशाचा आधार घेणार? कोणत्या ओढ्याच्या पाइपातून, कोणत्या मोरीखालून प्राणी जातात याच्या काही वर्षांच्या फोटोंचाच. रुंदीकरण झाल्यावर कॅमेरे लावून काही फायदा नाही, आधीपासून लावलेले हवेत.

मघाशी म्हटलं की सुंदर फोटोचा उपयोग मर्यादित, पण त्याला मी कमी लेखत नाही. २०१६ मध्ये नयन खानोलकर यांचा आरे कॉलनीतल्या आदिवासी पाड्यात रात्री चालत जाणाऱ्या बिबट्याचा फोटो लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या स्पर्धेत शहरी विभागात पहिला आला. त्या एका फोटोने जगाला कळलं की वाघोबाला मानणारी माणसं आणि बिबट्या एकाच गल्लीत राहू शकतात. तोही फोटो कॅमेरा ट्रॅपचाच, तो प्राणी कुठून कधी जातो याचा अभ्यास करून, महिनोन्महिने थांबून मिळवलेला. पाड्यातल्या लोकांची साथ नसेल तर असं काम एक दिवस चालत नाही, येऊरलाही नाही. बिबट्या कुठल्या वाटेने पाण्यावर येतो हे तिथल्या मावशी-काकांना आपल्या आधी माहीत असतं.

आणि कधी कधी कुणीही न ठरवता काढलेला फोटोच मोठं काम करून जातो. कुबड्या देवमाशाच्या शेपटीखालची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. एका मादीचा फोटो १९९९ मध्ये ब्राझीलजवळ निघाला होता, तीच मादी २००१ मध्ये मादागास्करजवळ एका पर्यटकाच्या फोटोत होती, आणि तो फोटो शास्त्रज्ञांना सापडला तो इंटरनेटवरच्या फोटो-अल्बममध्ये. ९,८०० किलोमीटरचं अंतर, २०१० मध्ये ते छापून आलं तेव्हा सगळे थक्क झाले. त्या पर्यटकाने तारीख आणि जागा लिहिली नसती तर तो नुसता शेपटीचा फोटो राहिला असता. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे रानपिंगळा. १८८४ नंतर हे घुबड कुणालाच दिसलं नव्हतं, नामशेष झालं असंच धरून चालले होते, ते १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, आणि २०१४ मध्ये थेट आपल्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली, फोटोसकट. पश्चिम घाटातली ती पहिली नोंद. ज्या तानसाचं पाणी मुंबई पिते त्या जंगलात.

आता नुकसानीबद्दल, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. रानपिंगळ्यासारख्या पक्ष्याची जागा एकदा सोशल मीडियावर गेली की पुढच्या रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते, कुणी मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावतो, कुणी फांदी मोडून घरट्याचा "क्लीन" फोटो घेतो, आणि पक्षी घरटं सोडतो. घरट्याचे, गुहेतल्या पिल्लांचे फोटो काढूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाइलच्या फोटोत जागेचे आकडे आतच लपलेले असतात, टाकण्याआधी ते काढून टाका. आयनॅचरलिस्टसारख्या, निसर्गातल्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप झाकली जाते, साधारण २० किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच दिसतं, पण अभ्यासकाला गरज पडली तर खरी जागा मिळू शकते, म्हणून इन्स्टावर लोकेशन टाकण्यापेक्षा नोंद तिथे करा. खाडीत बोटवाल्याला थव्यात बोट घालायला सांगू नका, थवा उठवला की "पिंक क्लाउड" फोटो मिळतो पण लांबच्या प्रवासासाठी साठवलेली त्यांची ताकद तिथे जाते. ड्रोन तर अजिबात नको.

बाकी करायचं काय ते फार साधं आहे. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर लावा, हे ऐकायला क्षुल्लक वाटतं पण घड्याळ चुकलेल्या कॅमेऱ्याचे हजार फोटो अभ्यासाला बाद होतात. एक जागा निवडा, घराजवळची, जिथे पुढची दहा वर्षं जाऊ शकाल, दूरची सुंदर जागा नको. पक्षी दिसले नाहीत तर तेही नोंदवा, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर अशी पूर्ण यादी टाकता येते, काय दिसलं नाही हेही त्यातून कळतं. २०२३ चा भारतीय पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल अशाच ३०,००० हौशी लोकांच्या ३ कोटी नोंदींवर उभा राहिला आणि ९४२ जातींबद्दल त्याने काहीतरी सांगितलं. मूळ फाइल जपून ठेवा, एडिट केलेली वेगळी, कारण पुरावा म्हणून मूळ फाइलच मागतात. जंगलात स्वतःहून कॅमेरा ट्रॅप लावायला जाऊ नका, त्याला वनखात्याची परवानगी लागते, काम करायचं असेल तर त्यांच्या किंवा संशोधकांच्या प्रकल्पात स्वयंसेवक म्हणून नाव द्या, फोटो वेगळे करायला माणसं कायम कमी पडतात आणि ते काम घरी बसून होतं.

आणि ज्यांच्याकडे २००५, २०१० च्या सुमाराचे ऐरोली, वाशी, सीवूड्स, उरणचे जुने फोटो हार्ड डिस्कवर पडलेत त्यांनी ते शोधून काढाच. ईबर्ड जुन्या तारखेच्या नोंदी घेतं, फाइलमधली तारीख बघून, वेळ आठवत नसेल तर तसं लिहून टाकता येतं. फोटो हलला असेल, पक्षी लांब असतील, तरी चालेल, मागची खाडी आणि तिचा काठ दिसतोय ना, मग टाका.